तापली की बंद पडणारी मोटार

पुणे-नगर या ज्या मार्गावर १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी धावली, त्या मार्गास वाडेगव्हाणजवळ राळेगणसिद्धीचा फाटा फुटतो. पाण्याच्या कामासाठी हे गाव सर्वांस ठाऊक आहे. मात्र ज्या अण्णा हजारे यांच्यामुळे त्याचे नाव झाले, ते पूर्वी सैन्यात मोटारचालक होते, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच माहीत असते. असो. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच गावच्या एका जुन्या मोटारीचे दुखणे हा आहे.

आमच्या वसतिगृहात राहणारा त्या गावचा एक विद्यार्थी उन्हाळ्याच्या तोंडी मजकडे आला व म्हणाला, "सर, आमची गाडी ऊन झाली की मरते आणि गार झाली की जिवंत होते. आबा ती भंगारात घालणार आहेत." त्याच्या आईस मूत्रपिंडाचा विकार असून रक्तशुद्धीसाठी आठवड्यातून दोनदा नगरास यावे लागते. सुप्याच्या पुढे गाडी बंद पडल्याने ती माउली दोन वेळा भर उन्हात रस्त्याच्या कडेस बसून राहिली होती. दुसरी गाडी घेण्याची त्या घरची ऐपत नव्हती.

गाडी होती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या परिचयाची होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून तीही गेली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. आजच्या गाड्यांप्रमाणे त्यात संगणक नाही. जे आहे ते डोळ्यांनी पाहता व हाताने चाचपता येते. विद्यार्थ्यास शिकण्यास याहून चांगले इंजिन नाही, असे माझे मत आहे.

पेट्रोलच्या इंजिनास चार गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. चालते इंजिन एकाएकी थांबते तेव्हा यांपैकी एखादी नाहीशी झालेली असते. येथे हवेचा मार्ग मोकळा होता. दाब कमी असता तर गाडी थंडपणीही रडतखडत चालली असती. उरली दोन : पेट्रोल आणि ठिणगी.

शहरातील एका गॅरेजवाल्याने दोष पेट्रोलचा ठरविला होता. ही कल्पना अगदीच चुकीची नव्हती. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यांतील हलके भाग थोड्याशा उष्णतेनेच वाफ होऊ लागतात. इंजिनाच्या अंगास बसविलेला पंप, ज्यास कारागीर 'ए. सी. पंप' म्हणतात, तो फार तापला की आत पेट्रोलाऐवजी वाफ भरते. पंप द्रव ढकलू शकतो. वाफ नुसतीच दबते आणि पुन्हा फुगते. म्हणून कार्ब्युरेटर कोरडा पडतो. यावर पंपास ओले फडके गुंडाळण्याचा उपाय जुने चालक करीत आले आहेत. गॅरेजवाल्याने पंप बदलला, पुढच्या खेपेस कार्ब्युरेटर धुतला, तिसऱ्या खेपेस प्लग नवे घातले. तीन वेळा पैसे घेतले गेले आणि गाडी होती तशीच राहिली.

"पण सर," मुलगा म्हणाला, "ओले फडके घातल्यावर ती सुरू होते! म्हणजे दोष पंपाचाच ना?"

मी विचारले, "फडके घातल्यावर किती वेळ थांबता?"

"अर्धा तास."

"आणि फडके न घालता अर्धा तास थांबून कधी पाहिलेस?"

तो गप्प झाला. अर्ध्या तासात नुसता पंप थंड होत नाही, सगळेच इंजिन थंड होते. तेव्हा गुण फडक्याचा की विश्रांतीचा, हे त्या प्रयोगाने ठरतच नव्हते.

पुढच्या रविवारी मी राळेगणास गेलो. आबांनी चहा दिला आणि म्हणाले, "गुरुजी, बघा तुम्ही, पण माझी आशा सुटली आहे." आम्ही तिघे गाडी घेऊन निघालो. सुप्याच्या पुढे ती इमानाने बंद पडली. ओले फडके मी मुद्दामच आणू दिले नव्हते.

प्रथम ठिणगी पाहिली. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणातील मधली जाड तार काढून, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटर दूर धरले आणि आबांस सेल्फ मारावयास सांगितले. चांगली ठिणगी निळसर असते व कडाडते. ही पिवळट, बारीक, मधूनच पडणारी होती. मग कॉईलची तार सोडवून ठेवली, म्हणजे पेट्रोल उघडे असता ठिणगी पडू नये. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी बाटलीत धरली व पुन्हा सेल्फ मारला. पेट्रोल पिचकारीसारखे आले. तापलेल्या इंजिनाजवळ हे काम जोखमीचे आहे. विद्यार्थ्यांनी ते जाणत्या माणसावाचून करू नये.

आता दोष ठिणगीच्या घरात सापडला. बारा व्होल्टच्या बॅटरीतून कॉईलमध्ये प्रवाह जातो. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो व कॉईलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. हे तुटणे झटक्यासरशी व्हावे आणि पॉइंटांवरच ठिणगी उडून ते जळू नयेत, यासाठी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर जोडलेला असतो. त्याच्या आतील विलगीकरण जुने झाले की उष्णतेने ते गळू लागते. निवाल्यावर पुन्हा सावरते. म्हणजे लक्षण तेच : ऊन झाली की मेली, गार झाली की उठली. पॉइंट पाहिले, ते काळे पडून खडबडीत झाले होते.

सुप्यास नवा कंडेन्सर व पॉइंटांचा जोड मिळाला. किंमत गॅरेजच्या पहिल्या हिशेबाच्या मानाने नगण्य होती. पॉइंटांतील फट फिलर गेजने अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवली. गाडी केडगावपर्यंत नेली, परत आणली, इंजिन चालू ठेवून उन्हात उभी केली. बंद पडली नाही.

एक काम राहिले होते. विहिरीच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरला होता व इंजिन मुळातच अधिक तापत होते. आबा तापल्या रेडिएटरचे झाकण काढावयास निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. बंद रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर येते. तो पुढच्या रविवारी थंडपणी धुतला.

त्या मंगळवारी मुलाची आई वेळेवर नगरास पोहोचली.

गॅरेजवाल्याने काढलेला जुना पंप आबांनी माळ्यावर टाकून ठेवला होता. मुलाने तो प्रयोगशाळेत आणला. आम्ही स्क्रू काढून उघडला. आतील पडदा अखंड होता, दोन्ही झडपा नीट बसत होत्या.