'राजी' : पुण्यात घडलेला एक खेळ

यावलसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावीही हल्ली शाळेची घंटा होताच मुलांच्या बोलण्यात खेळांची नावे येतात. पण ते खेळ आट्यापाट्या वा हुतूतू नव्हेत, पडद्यावरचे असतात. पालक त्यांकडे कपाळाला आठ्या घालून पाहतात. ती काळजी अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु असा खेळ घडतो कसा, हे जाणण्याजोगे आहे. म्हणून आम्ही आपल्याच महाराष्ट्रातील एका खेळाची हकीकत येथे देत आहो.

खेळाचे नाव 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. तो पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या मंडळीने तयार केला. श्रुती घोष, अविचल सिंग व इयन मॉड हे तिचे संस्थापक. कथा साधी आहे. डोंबाऱ्याच्या खेळात वाढावी तशी कसरतीत तरबेज असलेली राजी नावाची मुलगी, आणि गोलू हा तिचा धाकटा भाऊ. राक्षस मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो. दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन बहीण त्याच्या शोधास निघते. पुढे धनुष्य आणि ढाल-तलवारही तिच्या हाती येते. भिंतीवरून धावणे, खांबाभोवती गरगर फिरून शत्रूवर तुटून पडणे, हे तिचे युद्ध.

चित्रकलेत मंडळींनी पहाडी शैलीचा आणि राजस्थानच्या किल्ल्या-महालांचा आधार घेतला. मधला कथाभाग छायाबाहुल्यांनी सांगितला आहे. आपल्या कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंतांनी ही कला जपली आहे. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना या दृश्यांचे मर्म लवकर उमगेल. संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे.

आता यांत्रिक बाजू. पडद्यावरील हालते चित्र म्हणजे सेकंदास तीस-साठ वेळा नव्याने काढलेली चित्रेच होत. तो हिशेब करणारा सांगाडा प्रत्येक मंडळी मुळापासून बांधीत नाही. पुण्याच्या मंडळीने 'अनरियल इंजिन' हा अमेरिकेत तयार झालेला सांगाडा घेतला. परंतु सांगाड्याने खेळ होत नाही. राजीची उडी, तिचे वळणे, राक्षसाचा वार, दगडावरील नक्षी, हे सारे माणसांनीच घडवावे लागते. आणि तोवर त्यांच्या पोटापाण्याची सोय कोणी तरी करावी लागते.

येथेच खरी परीक्षा झाली. मंडळीने 'किकस्टार्टर' या योजनेतून लोकांकडे वर्गणी मागितली. तेथील नियम कडक आहे : ठरविलेली रक्कम पूर्ण न जमल्यास एक पैसाही हाती येत नाही. रक्कम जमली नाही. तेव्हा काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकाने आपले घर विकले. खेळ चालेल की नाही याची कसलीच शाश्वती नसता हे धाडस केले गेले. ते शहाणपणाचे होते काय, यावर घरोघरी दोन मते पडतील. आम्हांस ते वाखाणण्याजोगे वाटते, पण अनुकरणीय म्हणण्यास जीभ कचरते.

महामारीच्या काळात, 18 ऑगस्ट 2020 रोजी, खेळ प्रथम निन्टेन्डोच्या 'स्विच' यंत्रावर आला आणि ऑक्टोबरात इतर यंत्रांवर. चित्रे, वास्तू व कथा यांची परदेशी समीक्षकांनीही वाहवा केली. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्यात नवोदितांच्या उत्कृष्ट पहिल्या खेळासाठी त्यास नामांकन मिळाले; पारितोषिक 'फॅस्मोफोबिया' या खेळास गेले.

टीकाही झाली, आणि ती आम्हांस गैरवाजवी वाटत नाही. झुंजी पुढेपुढे एकसारख्या होतात, खेळ पाच-सहा तासांत संपतो आणि कथा ऐन रंगात तुटते, असे आक्षेप आले. कारण उघड आहे. नवा राक्षस म्हणजे नवे रूप, नवी चाल, नवे वार. प्रत्येकाची महिनोनमहिने मेहनत. मूठभर माणसांनी, तुटपुंज्या पैशांत, किती राक्षस घडवावेत? परंतु पैसे मोजून खेळ घेणाऱ्याने या अडचणी का विचारात घ्याव्यात, हाही प्रश्न रास्तच आहे.

मंडळीने आक्षेपांकडे पाठ फिरविली नाही. 2022 साली सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत कथाप्रसंग नव्याने सजविले होते, आणि मूळ खेळात इंग्रजी बोलणारी पात्रे आता हिंदीतही बोलू लागली.