दिव्याच्या उजेडांत वाणाच्या पिढ्या

पिंपळे सौदागर येथें पवनेकांठच्या शेतांवर आज इमारती उभ्या आहेत. जमीन आटली, तरी वाण-निर्मितीचें कांहीं काम बंद खोलींतही होऊं शकतें. तें कसें हें वाचकांनीं जाणावें.

गव्हाच्या दोन वाणांचा संकर केल्यावर गुण स्थिर होण्यास पांच-सहा पिढ्या लागतात. पुणें जिल्ह्यांत गहूं कार्तिकांत पेरून फाल्गुनांत काढितात, म्हणजे वर्षास एकच पिढी. म्हणून संशोधक निलगिरींतील वेलिंग्टन येथें बिनहंगामी पीक घेऊन दुसरी साधितात.

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठ व त्याचे सहकारी यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें, बंदिस्त गृहांत रोज २२ तास विजेचा प्रकाश दिल्यास गहूं, जव व हरभरा यांच्या वर्षांत सहापर्यंत पिढ्या निघतात. कारण हीं पिकें दिवस मोठा असतां लवकर फुलतात. शिवाय दाणा पुरता पिकण्यापूर्वींच काढून, वाळवून पुन्हां पेरितात.

ज्वारी व सोयाबीन यांचा स्वभाव उलट. त्यांस फुलण्यास मोठी रात्र लागते. अधिक उजेडानें फुलोरा लांबतो. शेवंतीस हरितगृहांत रात्रीं दिवे लावितात, ते कळी लांबविण्यासाठींच. म्हणून सोयाबीनच्या पिढ्या लवकर घेण्यास उजेड रोज सुमारें १० तासच ठेवितात.

ध्यानांत ठेवावें कीं, दिव्यानें पिढ्या लवकर होतात, शेताचें उत्पन्न वाढत नाहीं. तांबेरा, ऊन व पाण्याची ओढ यांची परीक्षा शेतांतच होते, आणि तीस हंगामच लागतात. तेव्हां नवें बियाणें घेतांना तें किती लवकर निपजलें हें न विचारतां, आपल्या भागांत किती हंगाम पारखलें हें विचारावें.