शिकण्याचा हिशेब

परवा आमचे शेजारी पारावर आले. म्हणाले, "गुरुजी, पोरगा पर्यावरणाचा इंजिनीअर व्हायचं म्हणतोय. एक एकर विकू का?"

घाण पाणी शुद्ध करणे, हे या इंजिनीअरचे एक मोठे काम. 1974 च्या जल कायद्यामुळे कारखान्याला घाण पाणी तसेच नदीत सोडता येत नाही. म्हणून साखर कारखान्यातही हे काम असते. काम चांगले. पण आधी हिशेब.

आम्ही पाटी घेतली. समजा, वर्षाची फी 80 हजार. राहणे-जेवण 60 हजार. चार वर्षांचे 5 लाख 60 हजार झाले. शेजारी उठू लागले. आम्ही म्हटले, "बसा. पोरगा घरी राहून महिना 10 हजार मिळवील ना? तेही बुडाले. ते 4 लाख 80 हजार." एकूण 10 लाख 40 हजार! हा बुडीत पैसा कोणी मोजत नाही. आमच्या मुलाच्या वेळी आम्हीही मोजला नव्हता.

पुढे नोकरी लागली, पगार समजा 22 हजार. म्हणजे महिन्याला 12 हजार जास्त. खर्च भरून यायला सात वर्षांवर लागतील. कर्जाचे व्याज वेगळे. जमीन विकू नये, असे आम्हाला वाटते.

"आणि पोरगी शिकली तर?"

वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व ओबीसी घरच्या मुलींना राज्य सरकारने 2024 साली अशा शिक्षणाची फी माफ केली. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून हवा. तिचीही मजुरी धरली, तरी खर्च 7 लाख 20 हजार. तो पाच वर्षांत फिटतो.

आम्ही पाटी पुसू लागलो. शेजाऱ्यांनी हात धरला. पोरीला दाखवायला पाटी घरी घेऊन गेले.