संगीत थांबतें तेव्हां

१९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा फ्रँक काप्रा यांचा बोलपट अमेरिकेंत दर नाताळांत आवडीनें पाहिला जातो. त्याचा नायक जॉर्ज बेली हा लहान गांवांतील सज्जन गृहस्थ. संस्थेचे आठ हजार डॉलर गहाळ झाल्यामुळें, आपण जन्मासच आलों नसतों तर बरें झालें असतें, असे उद्गार त्याच्या मुखांतून निघतात. तेव्हां एक देवदूत त्यास त्याच्यावांचूनचें जग दाखवितो. लहानपणीं ज्या भावास त्यानें बर्फाखालच्या पाण्यांतून वांचविलें, तो त्या जगांत बुडून मेलेला असतो. आणि पुढें त्या भावानें युद्धांत वांचविलेले सैनिकही मेलेलेच असतात.

या कथेवरून जेक हेगी यांनीं संगीतिका रचली. संहिता जीन शीर यांची. पहिला प्रयोग २०१६ सालीं ह्यूस्टन येथें झाला. आपल्या संगीत नाटकांत गद्य व पदें आलटून पालटून येतात. संगीतिकेंत संभाषणही बहुधा गाऊनच होतें. परंतु जॉर्जवांचूनचें जग येतांच येथें गाणें थांबतें, पात्रें नुसतीं बोलूं लागतात. बोलपटानें जें डोळ्यांस दाखविलें, तें या शांततेनें कानांस जाणविलें. रूपांतर म्हणजे नक्कल नव्हे. मूळ अर्थासाठीं नव्या कलेचें साधन शोधणें होय.

विद्यार्थ्यांनो, आपल्या असण्यानें काय होतें, असें ज्यास वाटेल, त्यानें ही शांतता आठवावी, आणि आपलें मन वडिलांपाशीं किंवा गुरुजनांपाशीं मोकळें करावें. आपला सूर आपणांस ऐकूं येत नसला, तरी इतरांच्या जीवनगीतांत तो मिसळलेला असतो.