आईची माया मोजता येते का?

सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन आई दवाखान्यात येते. डोके दुखते, चक्कर येते, झोप लागत नाही. प्रश्न मुलीला विचारला तरी उत्तर आईच देते. तपासणीत काही सापडले नाही, की मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो.

'आईशी पटते का?' असे विचारले तर बहुतेक मुली 'हो' म्हणून गप्प होतात. त्यासाठी नेमके प्रश्न लागतात. ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ गॉर्डन पार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली अशी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वयाच्या पहिल्या सोळा वर्षांतली आई कशी आठवते, यावर तीत २५ विधाने आहेत. प्रत्येकाला ० ते ३ गुण. १२ विधाने मायेची : आई प्रेमाने बोलायची का, माझी अडचण तिला कळायची का? उरलेली १३ धाकाची : प्रत्येक गोष्टीत तिचाच शब्द चालायचा का, मला काही ठरवू द्यायची का?

माया आणि धाक यांची बेरीज वेगवेगळी करतात, हे महत्त्वाचे. माया भरपूर आणि धाकही भरपूर, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ. पण माया कमी व धाक जास्त, असे सांगणाऱ्यांत उदासीनतेचा आजार अधिक आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अर्थात उदास मनाला जुन्या आठवणीही काळवंडलेल्या दिसतात. म्हणून एवढ्यावरून आईला दोषी ठरवू नये. हे माप आईच्या स्वभावाचे नाही, मुलीच्या मनातल्या आईचे आहे.

दिवेलागणीच्या आत घरी ये, असे आई काळजीने सांगते, कॉलेजला एस.टी.ने सांगलीला जाणाऱ्या मुलीला तो संशय वाटतो. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलगा हवा म्हणून घरातून आईवरही दडपण असते. पण रोज त्या नावाने हाक ऐकणाऱ्या मुलीला ते कसे कळावे? तिला कानावर पडते तेवढेच खरे वाटते.

म्हणून आयांनी एवढे करावे. मुलगी बोलत असताना मध्येच उपदेश करू नये. भावाशी किंवा शेजारच्या मुलीशी तुलना करू नये. कपडे, मैत्रिणी, शिक्षणाची शाखा यांत तिचे मत विचारावे. बंधन घालायचेच असेल तर कारण सांगावे. आणि माया बोलून दाखवावी. ती मनात आहे एवढ्याने भागत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मुलगी उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. 'जगून काय करू' असे शब्द तोंडी आले तर तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.