हेडफोन बदलायच्या आधी हे ऐक

अगं, तो महागडा हेडफोन कार्टमध्ये टाकून ठेवलायस ना, राहू दे तिथेच दोन दिवस. पहिला पगार हातात आलाय, मन ऐकत नाही, कळतं मला. पण तुझ्याकडे आत्ता जो आहे, त्याच्याकडून पुरतं काम तू अजून करून घेतलेलंच नाहीस. ‘गाणं कोंडल्यासारखं येतं’ म्हणतेस, ते कोंडलेपण बहुतेक वेळा चार-पाच डेसिबलचं असतं आणि ते काढायला दमडी लागत नाही. एक निवांत संध्याकाळ काढ.

आधी आलेख वाचायला शीक. कुठला हेडफोन कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोरात वाजतो, हे मोजणारी माणसं आहेत. त्यासाठी रबरी कान लावलेलं कृत्रिम डोकं वापरतात. आडव्या रेषेवर 20 ते 20,000 हर्ट्‌झ, उभ्या रेषेवर डेसिबल. डावीकडे डग्ग्याचा घुमारा, मध्ये माणसाचा गळा, उजव्या टोकाला टाळ-झांजांची चमक. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज 208 हर्ट्‌झच्या आसपास असतो. एवढं लक्षात ठेवलंस तरी त्या रेघेत कुठे काय आहे ते उमगायला लागेल.

आता भलेभले फसतात ती गोष्ट. रेघ सपाट म्हणजे आवाज उत्तम, असं नाही. समोरून आलेला आवाज आपल्या कानाची पाळी आणि आतली नळी 3,000 हर्ट्‌झच्या आसपास आपणहूनच वाढवतात. मेंदूला त्याचीच सवय. कानाला चिकटलेल्या किंवा आत खुपसलेल्या यंत्रात ही वाढ जशीच्या तशी होत नाही, म्हणून तिथे मुद्दाम उंचवटा द्यावा लागतो. किती द्यायचा, हे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी माणसांना बसवून, ऐकवून, विचारून शोधलं. त्यातून आलं ते हार्मन टार्गेट: 3,000 जवळ टेकाड आणि 100 हर्ट्‌झच्या खाली बासला थोडा चढ. त्यांच्याच अभ्यासात बायकांनी सरासरीने पुरुषांपेक्षा कमी बास पसंत केला होता. तेव्हा ऑफिसातले मुलगे काहीही म्हणोत, तुला बास उतरवावासा वाटला तर खुशाल उतरव.

तुझं मॉडेल मोजलेलं असेल तर निम्मं काम झालंच. याक्को पासानेन यांच्या ऑटोईक्यूमध्ये हजारो हेडफोनांची मोजमापं आणि त्यावरून काढलेल्या दुरुस्त्या फुकट मिळतात. अँड्रॉइडवर वेव्हलेट हे अॅप घे, त्यात नाव शोधलं की दुरुस्ती लागू. लॅपटॉपवर विंडोज असेल तर इक्वलायझर एपीओ, आणि त्याचा रुक्ष चेहरा झाकायला वरून ‘पीस’ नावाचं जोड-सॉफ्टवेअर. नाव मात्र अक्षर न् अक्षर जुळव. ‘आमच्यासारखाच दिसतो’ म्हणून दुसऱ्या मॉडेलची दुरुस्ती लावू नकोस. नॉइज कॅन्सलिंगचा असेल तर ते चालू असतानाची रेघ वेगळी, बंद असतानाची वेगळी.

त्या दुरुस्तीत पहिली ओळ प्रीअँपची असते, उणे सहा वगैरे. ती काढून टाकायचा मोह होईल, काढू नकोस. डिजिटल आवाजाला वर छत असतं. एखादा पट्टा सहा डेसिबलने चढवलास तर आधी सगळंच सहाने खाली आणावं लागतं, नाहीतर छताला डोकं आपटून आवाज फाटतो. यामुळे पहिल्यांदा लावल्यावर गाणं मेल्यासारखं वाटेल. घाबरू नकोस. जो आवाज मोठा, तोच कानाला चांगला वाटतो, ही आपल्या सगळ्यांचीच खोड. व्हॉल्यूम हाताने सारखा कर आणि मगच चालू-बंद करून पाहा.

मॉडेल यादीत नसेल, स्वस्तातले बरेच नसतात, तर कानाने कर. 200-250 हर्ट्‌झच्या आसपास तीनेक डेसिबल खाली आण, गळ्यावरचं कांबळं उचलल्यासारखं होईल. चढवण्यापेक्षा उतरवणं नेहमी बरं. आणि 8,000 च्या वरचे टोकदार खड्डे-उंचवटे आलेखात दिसले तरी एकेक भरत बसू नकोस; तिथे तुझा कान आणि ते रबरी कान यांचं जुळत नाही. इअरफोन जरा आत-बाहेर झाला तरी तिथली रेघ सरकते.

ऐकून काय तपासायचं? किशोरीताई आमोणकरांच्या ख्यालामागचा तानपुरा लाव. आवाजाला धक्का न लावता तो वेगळा, सलग ऐकू यायला हवा. ट्रंपेट खरा कसा लागतो, हे तर आपल्या वसईच्या लग्नातल्या ब्रास बँडमुळे तुझ्या कानात आहेच. ते माप कुठल्याही आलेखापेक्षा कमी समजू नकोस.

हे सगळं करायच्या आधी एक बघ: इअरफोनची रबरी टोपी नीट बसते का? फट राहिली की बास गळतो, आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. मोठ्या हेडफोनात तेच काम चष्म्याची दांडी आणि कानावर आलेले केस करतात. केस मागे घे, मग ऐक. टोप्यांचा वेगवेगळ्या मापांचा संच शे-दोनशेत मिळतो. खर्च करायचाच तर आधी त्यावर कर.

आता लोकलचं. घरी बसवलेला आवाज गाडीत पुरत नाही, कारण चाकांचा गडगडाट नेमका बास गिळतो. मग हात व्हॉल्यूमकडे जातो. तिथे बास वाढव हवं तर दोन-तीन डेसिबल, वेगळं प्रीसेट करून ठेव. पण सगळं चढवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 असेल तर फक्त 4 तास. विरार-चर्चगेट 60 किलोमीटर, जाऊन-येऊन तीनेक तास धर. म्हणजे 90 ने ऐकणाऱ्या बाईचा आठवड्याचा कोटा मंगळवारी सकाळी अंधेरीच्या आसपास संपला! आणि असं नुकसान पहिल्यांदा दिसतं ते 4,000 हर्ट्‌झजवळ. बोलण्यातला स, श, त, थ जिथे ओळखू येतो, त्याच भागात. दुखत-खुपत काही नाही, म्हणून कळतच नाही. गाडीत चांगली घट्ट टोपी किंवा नॉइज कॅन्सलिंग हेच खरं औषध, आणि नवा हेडफोन घ्यायला मला पटेल असं कारणही तेवढंच. फलाटावर उतरलीस की मात्र एक कान मोकळा, यावर वाद नको.

आणि हो, विंडोजचं मोठं अपडेट आलं की एपीओ कधीकधी गप्प बसतं. बिघडलं म्हणून सगळं उडवू नकोस. त्याच्याबरोबर आलेलं डिव्हाइस निवडायचं छोटं सॉफ्टवेअर पुन्हा उघड, तुझ्या हेडफोनसमोर टिक कर, लॅपटॉप रीस्टार्ट कर. तरी नाही झालं तर रविवारी घेऊन ये इकडे.