अंगणातील गळका नळ : निदान व दुरुस्ती

ग्रामीण नळपाणीपुरवठा योजनेचा विचार होतो तेव्हा उद्भव, जलकुंभ, वितरण वाहिनी व विजेचे देयक या बाबींची चर्चा ग्रामसभेत तासन्‌तास चालते. ज्या तोटीतून ते पाणी अखेर हंड्यात पडते, तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरण्यात आले आहे. तोटी नसलेल्या नळाखाली १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरत असेल, तर तो नळ तासाभरात ६०० लिटर पाणी सोडतो. म्हणजे जवळजवळ अकरा माणसांचा दिवसभराचा वाटा एकट्या अंगणातून गटारात जातो आणि वाहिनीच्या टोकाकडील घरांत त्या वेळी नळाला नुसती हवा येत असते.

थेंब थेंब गळणाऱ्या नळाचा हिशेब थोडा वेगळा आहे. गळक्या तोटीखाली एक लिटरचे माप ठेवून ते तासाभरात भरले, तर दिवसाला २४ लिटर पाणी वाया जाते, असे सर्रास सांगितले जाते. परंतु ज्या गावी दिवसातून दोनच तास पाणी येते, तेथे थेट वाहिनीवरील नळातून दोनच लिटर गळतील. खरे २४ लिटर गळतात ते घराच्या छपरावरील टाकीला जोडलेल्या नळातून, कारण त्याच्यावर रात्रंदिवस पाण्याचा दाब असतो. शाळेच्या पटांगणातील हात धुण्याचे नळ बहुधा याच प्रकारात मोडतात. शिक्षकांनी वर्गातील मुलांकडून हे मोजमाप प्रत्यक्ष करून घेतल्यास घनफळाचा व गुणाकाराचा पाठ आपोआप होतो.

तथापि वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा नळाभोवती साचणारे पाणी अधिक घातक होय. दाब कमी असल्यामुळे अनेक ठिकाणी अंगणात खड्डा खणून नळ जमिनीच्या पातळीखाली घेतला जातो. गळती चालू राहिली की खड्डा भरतो व तोटी त्या पाण्यात बुडते. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होऊ लागते, तिच्यात ओढ निर्माण होते आणि खड्ड्यातील घाण पाणी सैल तोटीतून किंवा सांध्यातून आत शोषले जाते. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा भरतो तो याच पाण्याने. वाहिनीला थेट विजेची मोटार जोडली असल्यास ही ओढ कितीतरी वाढते. जलकुंभात टाकलेली ब्लिचिंग पावडर येथे पुरी पडतेच असे नाही, आणि कावीळ किंवा अतिसाराची साथ आली म्हणजे दोष उद्भवाला दिला जातो. यास्तव नळ जमिनीच्या वर घेणे, खड्डा बुजविणे, खाली उताराचा लहान ओटा बांधणे व सांडपाणी शोषखड्ड्यात सोडणे हा दुरुस्तीचाच एक भाग समजला पाहिजे.

आता प्रत्यक्ष नळाकडे वळू. गळती कोठून होते हे प्रथम नीट पाहावे. नळ घट्ट बंद करूनही तोंडातून थेंब पडत असतील, तर आतील वॉशर, ज्याला बोलीत वायसर म्हणतात, झिजलेला असतो. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल, तर दोष ग्लँडमध्ये असतो. पाइप व तोटी यांच्या सांध्यातून पाणी येत असेल, तर आट्यांवरील टेप किंवा सुतळी-सफेदा निकामी झालेला असतो. पितळी अंगालाच चीर गेली असेल, तर दुरुस्तीचा खटाटोप न करता नवी तोटी बसवावी.

वॉशर बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. टाकीवरील नळ असल्यास टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करावा. थेट वाहिनीवरील नळ असल्यास स्टॉपकॉक बंद करावा, आणि तो नसल्यास पुरवठ्याची वेळ टळल्यानंतर काम हाती घ्यावे. नंतर तोटी पूर्ण उघडून उरलेले पाणी काढून टाकावे. एका पान्याने तोटीचे अंग घट्ट धरावे व दुसऱ्याने मुठीखालचा मोठा षट्‌कोनी भाग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. येथेच बहुतेकांची चूक होते. अंग न धरता जोर लावला की सर्व ताण जमिनीतील लोखंडी पाइपवर जातो, गंजलेला सांधा तुटतो आणि दोन रुपयांच्या कामासाठी अंगण खणण्याची पाळी येते.

वरचा भाग निघाला की खाली लहान दांडी असलेली पितळी चकती दिसते. तिच्या तळाशी वॉशर असतो. जुना वॉशर काढून दुकानात नमुना म्हणून न्यावा व त्याच मापाचा नवा आणावा. घरगुती नळ बहुधा १५ मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा असतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसविण्याची पद्धत खेड्यापाड्यांत आहे. वेळ निभावण्यास ती वाईट नाही, परंतु ते रबर मऊ व पातळ असल्याने लवकरच फाटते. नवा वॉशर बसविण्यापूर्वी तोटीच्या आत बोट फिरवून वॉशर टेकण्याची कडा गुळगुळीत आहे ना, हे अवश्य तपासावे. तेथे खाच पडली असेल, तर कितीही वॉशर बदलले तरी गळती थांबत नाही. पावसाळ्यातील गढूळ पाण्याबरोबर येणारी बारीक वाळू आणि गळती थांबावी म्हणून रोज अधिकाधिक जोराने पिळलेली मूठ, या दोहोंमुळे ही कडा खराब होते.

ग्लँडची गळती त्याहून सोपी. मुठीखालचे लहान नट पाव फेरा आवळल्याने बहुधा काम भागते. न भागल्यास ते सोडवून ग्लँड दोरीचे किंवा मेण चोळलेल्या सुती धाग्याचे दोन-तीन वेढे दांड्याभोवती द्यावेत. सांध्यातील गळतीसाठी तोटी काढून आटे स्वच्छ पुसावेत व टेफ्लॉन टेप तोटी आवळण्याच्याच दिशेने, दहा-बारा वेढे ताणून गुंडाळावी. उलट दिशेने गुंडाळलेली टेप आवळताना सुटून येते. यावेळीही पाइप दुसऱ्या पान्याने धरणे आवश्यक.

प्लॅस्टिकच्या तोट्यांत यांपैकी बरेचसे करता येत नाही. त्या बदलाव्या लागतात व पान्याने न पिळता हातानेच आवळाव्या लागतात. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या तऱ्हेच्या नळांत वॉशरऐवजी चकत्यांचा संच असतो, तो अखंड बदलावा. पितळी तोटी घेताना भारतीय मानक ७८१ ची खूण पाहून घेतलेली बरी.

दुरुस्तीनंतर पुढच्या पुरवठ्याच्या वेळी पहिले पाणी काही क्षण वाहू द्यावे, मग नळ बंद करून सांध्याभोवती कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला नाही की काम झाले. ग्रामपंचायतीने दोन पाने, पाइप पाना, टेप, ग्लँड दोरी आणि अर्ध्या इंचाचे पन्नास-शंभर वॉशर पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे कायम ठेवल्यास त्याचा खर्च पंपाच्या एका दुरुस्तीइतकाही होत नाही. या साहित्याची नोंद साठा नोंदवहीत घ्यावी व पाणीपट्टी वसुलीच्या फेरीतच घरोघरचे नळ पाहून घ्यावेत. प्रारंभ वाहिनीच्या सुरुवातीच्या घरांपासून करावा, कारण तेथील गळती बंद झाली की टोकाच्या घरातील दाब वाढतो व तेथील खड्डा बुजविणे शक्य होते.